मुक्त ज्ञानकोश आणि लिहिणाऱ्याचे नाव

उल्हासनगरविषयी एक गोष्ट मुंबईपासून पुण्यापर्यंत बहुतेकांना ठाऊक असते. येथील व्यापारी आपल्या मालावर 'मेड इन यूएसए' असा छाप मारीत आणि कोणी हटकलेच तर यूएसए म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असे निर्विकारपणे सांगत. आम्ही कॅम्प २ च्या परिसरात अनेक वर्षे शिकवीत आहोत. जपानी बाजार आणि गजानन मार्केट आमच्या नित्याच्या वाटेवर आहेत. ही गोष्ट सांगणारे आम्हांला अक्षरशः शेकड्यांनी भेटले. तसा छाप असलेली वस्तू काढून दाखवणारा मात्र अद्याप भेटावयाचा आहे. गोष्ट खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. ती प्रथम कोणी, कोठे आणि केव्हा नोंदवली, एवढाच आमचा प्रश्न आहे. एक लेख ती दुसऱ्यावरून घेतो, आंतरजालावरचे पान त्या लेखावरून घेते, आणि पुढचा वार्ताहर त्या पानावरून. असा एक फेरा पूर्ण झाला की दंतकथेला 'संदर्भ' प्राप्त होतो.

बाजारगप्पांत हे चालते. ज्ञानकोशात चालावे काय, आणि चालले तर जाब कोणाला विचारावयाचा, हा प्रश्न विकिपीडियाने गेली दोन दशके जगापुढे ठेवला आहे. त्याचा मराठी इतिहास क्वचितच मांडला जातो. म्हणून हा लेख.

मूळ कल्पना विकिपीडियाहून जुनी आहे. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने मार्च १९९५ मध्ये पहिले विकी संकेतस्थळ सुरू केले. नाव त्याने होनोलुलूच्या विमानतळावरील 'विकी विकी' बसवरून घेतले. हवाई भाषेत त्याचा अर्थ लवकर, झटपट. पान वाचणाऱ्यालाच ते दुरुस्त करता यावे, एवढीच त्यातली युक्ती. पुढे २००० मध्ये जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी 'न्यूपीडिया' नावाचा विनामूल्य ज्ञानकोश काढला. त्यात लेख तज्ज्ञांनी लिहावयाचा आणि तो परीक्षणाच्या सात पायऱ्या चढून वर यावयाचा. पहिल्या वर्षात जेमतेम वीसेक लेख शिखरावर पोहोचले. तेव्हा कच्चे लेख जमवण्यासाठी १५ जानेवारी २००१ रोजी शेजारी एक विकी उघडण्यात आले. हे ओसरीवरचे पोरच पुढे घराचे मालक झाले आणि न्यूपीडिया २००३ मध्ये मिटले.

मराठी वाचकाला यात नवलाईपेक्षा ओळखीचे अधिक आढळावे. अनेक हातांनी वाढणारा आणि बिघडणारा ग्रंथ म्हणजे काय, हे हस्तलिखितांच्या काळात आपल्याकडे पुरते अनुभवून झाले आहे. नकलून घेणारा प्रत्येक जण थोडाफार संपादकच असे. अडलेला शब्द सोपा कर, गळालेला चरण आपल्या मतीने भर, आवडलेल्या विचाराला आणखी एक ओवी जोड. या भरतीला आपण 'क्षेपक' म्हणतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. तिच्या पाठांत तीन शतकांत इतकी सरमिसळ झाली की शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी निरनिराळ्या प्रती पाहून ती शुद्ध केली. एवढे करून ते थांबले नाहीत. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी शुद्धीकरणाचा शक घातला, स्वतःचे नाव घातले आणि यापुढे यात कोणी आपली ओवी मिसळू नये, अशी स्पष्ट मनाई केली. संपादनाची तारीख, संपादकाचे नाव आणि पान यापुढे बंद असल्याची सूचना, असे हे तिहेरी काम आहे.

परंतु एकनाथांनी कोणते पाठ टाकले, हे मात्र आपल्याला कळत नाही. त्यांच्यापुढच्या प्रती कोणत्या होत्या, कोणती ओवी कोणत्या कारणास्तव गेली, याची नोंद नाही. म्हणून तर राजवाड्यांना एकनाथपूर्व प्रतीचा ध्यास लागला आणि १९०९ मध्ये त्यांनी आपल्याला मिळालेल्या जुन्या प्रतीवरून ज्ञानेश्वरी छापली. तिच्या प्राचीनतेविषयीचा वाद हा आमच्या एम. ए. च्या वर्गातला एक हक्काचा तास असे. नाव मिळाले, पण फेरफारांचा इतिहास मिळाला नाही. मराठीतील संदर्भग्रंथांची ही स्थिती पुढेही फारशी बदलली नाही.

श्रीधर व्यंकटेश केतकरांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' घ्या. एकोणीसशे वीसच्या दशकात त्याचे २३ खंड निघाले. आजच्या वाचकाला विशेष वाटावे ते हे की केतकरांनी त्यासाठी मर्यादित भागीदारीची कंपनी काढली आणि भाग विकून भांडवल उभे केले. एखाद्या गिरणीप्रमाणे ज्ञानकोशाला भागधारक होते आणि त्यांना हिशेब द्यावा लागे. काम संपल्यावर केतकरांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात सगळी कैफियतही मांडली. केतकरांची मते ठाम होती, कधी कधी तऱ्हेवाईक होती आणि ती ज्ञानकोशात जागोजाग डोकावतात. पण त्यांचा धनी कोण, याविषयी वाचकाला संशय राहत नाही. ज्याच्याशी भांडावयाचे तो समोर उभा आहे.

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईला सिद्ध झालेल्या 'मराठी विश्वकोशा'ने याच्या पुढचे पाऊल टाकले. तेथे नोंदीच्या तळाशी लेखकाचे नाव आडनावासकट छापलेले असते. ही साधी गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. पहिला खंड १९७६ साली आला, विसावा २०१५ साली. चाळीस वर्षांच्या या प्रवासात तर्कतीर्थ निवर्तले, मे. पुं. रेगे आले आणि गेले, सोव्हिएत संघ कोसळला, संगणक घराघरांत शिरला. आणि 'अ'च्या नोंदी ज्या जगाविषयी होत्या ते जग 'ज्ञ' उजाडेपर्यंत उरलेच नाही. वर्णानुक्रमाने निघणाऱ्या प्रत्येक कोशाचे हे दुखणे आहे. विश्वकोश आता आंतरजालावर आहे. विषयवार ज्ञानमंडळांमार्फत नव्या नोंदी लिहिल्या जातात आणि त्यांच्याखाली लेखकाबरोबर समीक्षकाचेही नाव दिसते. मात्र वाचकाला त्यात चूक आढळली तर ती त्याच्या हाताने दुरुस्त होत नाही आणि नोंद मागाहून बदलली तर आधी काय होते ते पाहता येत नाही.

आता याच्या बरोबर उलट टोकाला या. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. तो काळ ज्यांना आठवतो त्यांना ठाऊक आहे की तेव्हा मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळे आपापल्या वेगळ्या टंकांत अडकलेली होती. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर चौकोनी ठिपक्यांसारखा दिसे. युनिकोड नुकते हाती येत होते. आरंभीच्या मंडळींत संगणकक्षेत्रातल्या आणि परदेशस्थ मराठी माणसांचा भरणा मोठा होता. आमच्यासारखे भाषेचे अध्यापक त्यात जवळजवळ नव्हते, ही वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो.

पण या अभियंत्यांनी भाषेचे एक काम विलक्षण गोड केले. नवशिक्याला सरावासाठी जी रिकामी जागा देतात तिला त्यांनी 'धूळपाटी' म्हटले. पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरे गिरवण्याची पंतोजींच्या शाळेतली ती धूळपाटी. सर्वांनी जमून चर्चा करावयाच्या पानाला नाव दिले 'चावडी'. सांगितलेले काम निमूटपणे करणारी संगणक-आज्ञावली, जिला इंग्रजीत बॉट म्हणतात, ती झाली 'सांगकाम्या'. मत घेणे म्हणजे 'कौल' लावणे. व्यवस्था पाहणारे 'प्रचालक'. परिभाषा समित्यांनी इतक्या वर्षांत असा एखादा तरी शब्द दिला असता तर आम्ही त्यांचे उतराई झालो असतो! असो.

वाढ झाली, आणि ती कशी झाली हे पाहण्यासारखे आहे. आज मराठी विकिपीडियावर ९० हजारांहून अधिक लेख आहेत. संख्या ऐकून छाती फुगते. पाने उलटू लागले की ती ओसरते. सनावळीतल्या एकेका वर्षाचे पान, एका ओळीत आटोपलेला चित्रपट, एकाच साच्यातून काढलेली गावे: अमुक गाव तमुक तालुक्यात असून लोकसंख्या इतकी. सांगकाम्याने आपले काम चोख केले, माणसांनी मात्र पुढे यावयाचे ते आले नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख. त्यांतून दर महिन्याला विकिपीडियावर काही ना काही भर घालणारे शे-दोनशेच्या घरात आणि प्रचालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

उत्तरदायित्वाच्या प्रश्नाचे मूळ या आकड्यात आहे. विकीची सगळी नैतिक व्यवस्था दोन खांबांवर उभी आहे. पहिला खांब म्हणजे प्रत्येक पानाचा 'इतिहास'. कोणत्या क्षणी, कोणत्या सदस्यनामाने किंवा अंकपत्त्यावरून कोणता शब्द आला आणि गेला, हे तेथे कायमचे नोंदलेले असते. एकनाथांकडून जे आपल्याला मिळाले नाही ते येथे विनासायास मिळते. नाव मात्र मुखवट्याचे असू शकते, आणि नियमाने त्याला मुभा आहे. दुसरा खांब म्हणजे हा इतिहास वाचणारे, चूक दिसताच उलटवणारे, 'संदर्भ हवा' अशी खूण करणारे अनेक डोळे. पहिला खांब यंत्र उभारून देते; दुसरा माणसांनी उभारावा लागतो.

मोठ्या भाषांतही तो कधी ढळतो. मे २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर जॉन सीगनथालर या ज्येष्ठ अमेरिकी पत्रकाराच्या चरित्रात, केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध असल्याचा संशय होता, असे धडधडीत असत्य कोणीतरी घातले. ते चार महिने तसेच राहिले. त्यांनी नोव्हेंबरमध्ये त्यावर लेख लिहिला तेव्हा गहजब झाला आणि नवे पान सुरू करण्यासाठी नोंदणी आवश्यक करण्यात आली. गंमत अशी की त्याच डिसेंबरमध्ये 'नेचर'ने ४२ विज्ञानविषयक लेखांची तज्ज्ञांकडून तपासणी करवून, विकिपीडियात सरासरी चार तर ब्रिटानिकात तीन चुका आढळल्याचे प्रसिद्ध केले. ब्रिटानिका संतापली. आम्हांला त्या तुलनेपेक्षा एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते: ती तपासणी विज्ञानाच्या लेखांची होती, जिवंत माणसांच्या अब्रूची नव्हती.

लहान भाषांत दुसरा खांब नसला तर काय होते, याची दोन उदाहरणे पुरेत. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावरील हजारो लेख ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकी मुलाने कोशातले शब्द जुळवून लिहिले होते, हे २०२० मध्ये उघडकीस आले. तोवर त्याला कोणी हटकले नव्हते. त्याचा हेतूही वाईट नव्हता. क्रोएशियन विकिपीडियावर तर प्रचालकांच्याच एका गटाने जवळजवळ दशकभर ताबा ठेवला आणि दुसऱ्या महायुद्धातल्या फॅसिस्ट राजवटीचा इतिहास सौम्य करून लिहिला. विकिमीडिया फाउंडेशनने २०२१ मध्ये त्याविषयी अहवाल प्रसिद्ध केला. एकीकडे पहारेकरी नव्हते, दुसरीकडे पहारेकरीच फितूर होते. इतिहासाची पाने दोन्हीकडे उघडी होती, ती कोणी वाचत नव्हते.

आमच्या व्यवसायाचा या कथेत एक ठळक प्रवेश आहे. २०११ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने पुण्याच्या काही महाविद्यालयांत 'इंडिया एज्युकेशन प्रोग्राम' राबवला. विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहावेत, अशी योजना होती. शेकडो विद्यार्थी लिहिते झाले आणि त्यांच्या मजकुराचा फार मोठा भाग पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून शब्दशः उचललेला निघाला. जुने संपादक तो निवडून काढता काढता मेटाकुटीस आले; नोव्हेंबरपर्यंत कार्यक्रम गुंडाळावा लागला. विद्यार्थ्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु उतरवून काढणे म्हणजे अभ्यास, हे त्यांना पहिलीपासून कोणी शिकवले? मार्गदर्शिकेतले उत्तर जसेच्या तसे लिहिणाऱ्याला आपली परीक्षापद्धती पूर्ण गुण देते. वर्गात जी चोरी खपते तिला चव्हाट्यावर नाव मिळाले, इतकेच.

चव्हाट्यावरचे भांडण किती गंभीर होऊ शकते, हे महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाहिले. 'छावा' चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या इंग्रजी विकिपीडियावरील मजकुरावर आक्षेप घेतले गेले. मुख्यमंत्र्यांनी कारवाईचे निर्देश दिले, महाराष्ट्र सायबर पोलिसांनी विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस बजावली आणि पुढे काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. त्याआधी जुलै २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने स्वतःविषयीच्या लेखावरून दिल्ली उच्च न्यायालयात बदनामीचा दावा लावला होता. त्यातही संपादन करणारे कोण, त्यांची ओळख द्या, हीच मागणी पुढे आली. खटल्याविषयीचे एक पान ऑक्टोबरमध्ये काढून टाकावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश ९ मे २०२५ रोजी रद्द ठरवला.

संभाजी महाराजांचे प्रकरण मराठी अभ्यासकाला वेगळ्या कारणासाठी विचारात पाडते. त्यांच्या चारित्र्याविषयीचे प्रतिकूल चित्र आले कोठून? मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मल्हार रामराव चिटणिसांनी लिहिलेल्या बखरीतून. या चिटणिसांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये देहदंड दिला होता. वा. सी. बेंद्रे यांनी अनेक वर्षे कागदपत्रे धुंडाळून १९६० साली संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले, त्यानंतर १९७१ साली कमल गोखले यांचे 'शिवपुत्र संभाजी' आले, आणि ते जुने चित्र पुसले गेले. हे खंडन शक्य झाले याचे एक कारण असे की बखरकाराचे नाव आणि घराणे ठाऊक होते. या साक्षीदाराचे आरोपीशी वैर होते काय, हा प्रश्न विचारता येत होता. सदस्यनामाआड बसलेल्या माणसाबाबत तो विचारता येत नाही.

यावर विकीचे उत्तर असे की लिहिणाऱ्याकडे पाहूच नका, त्याने दिलेला संदर्भ पाहा. उत्तर पटण्याजोगे आहे, पण त्याने प्रश्न फक्त एक घर पुढे सरकतो. कोणते संदर्भ? इंग्रजी लेख लिहिणाऱ्याला जे ग्रंथ सहज मिळतात ते इंग्रजी असतात. बेंद्रे आणि गोखले मराठीत आहेत, त्यांच्या प्रती ग्रंथालयांच्या कपाटांत आहेत आणि त्यांतले मुद्दे पृष्ठांकासह चर्चापानावर नेऊन मांडणारा मराठी वाचक तेथे फारसा फिरकत नाही. बखरीतल्या विधानाला बेंद्र्यांच्या पुराव्याने उत्तर देणे हे काम आठ-दहा दिवसांचे. त्यासाठी विद्यापीठांत इतिहासाचे आणि मराठीचे इतके विभाग असताना पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली, याचे आम्हांला अधिक वैषम्य वाटते. जे शे-दोनशे लोक फुकट वेळ देऊन लिहितात, त्यांच्यापैकी किती जण यानंतर वादग्रस्त पानाला हात लावतील, याचीही काळजी वाटते.

आता पुन्हा आमच्या गावाकडे. कॅम्प २ चा इतिहास कोणी विकिपीडियावर लिहावयाचा म्हटला तर त्याला काय सापडेल? फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत ठेवले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवून उल्हास नदीवरून वसाहतीचे नाव ठेवले, एवढे सर्वत्र आहे. १९८२ चे ठाणे जिल्हा गॅझेटिअर आणखी थोडी माहिती देईल. बाकीचे आहे ते माणसांच्या तोंडी. एका बराकीत किती कुटुंबे, मध्ये पडदा केव्हा गेला आणि भिंत केव्हा आली, कोणत्या घरात पापड लाटले जात, कोणाच्या नावची खोली कोणाकडे कशी गेली. बराकीवर मजला चढला, मजल्यावर इमारत उभी राहिली, तरी पत्त्यात बराकीचा क्रमांक आजही लिहिला जातो.

विकिपीडियाच्या नियमानुसार यातले काहीही ग्राह्य नाही. प्रसिद्ध झालेला विश्वासार्ह संदर्भ हवा. आजीने सांगितले हा संदर्भ नव्हे. नियम योग्य आहे, नाहीतर आरंभी सांगितलेल्या यूएसएच्या गोष्टीला आवर घालणार कसा? पण त्याची किंमत अशा वस्त्यांना मोजावी लागते ज्यांच्याविषयी कोणी छापलेच नाही. त्यात भाषेचा एक पेच आहे. सिंधी भाषेचा समावेश घटनेच्या आठव्या अनुसूचीत १९६७ मध्ये झाला, पण देवनागरी की अरबी वळणाची लिपी हा वाद मिटला नाही. सिंधी विकिपीडिया अरबी लिपीत आहे. उल्हासनगरातली नातवंडे मराठी, हिंदी वा इंग्रजीत शिकली. त्यांना आजोबांच्या भाषेचा ज्ञानकोश बोलता येतो, वाचता येत नाही.

यावर उपाय म्हणून आमच्यापैकी काही जण विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन ऐंशी-नव्वदीतल्या माणसांची कथने टिपून घेत आहेत. ती आधी पुस्तकरूपाने छापावीत, म्हणजे विकीवर लिहिणाऱ्याला पृष्ठांक देता येईल, असा बेत आहे. प्रत्येक टिपणाखाली तारीख आणि बराक क्रमांक लिहिला जातो. सांगणाऱ्याचे नाव घालावे की नाही, यावर मात्र आमच्यात एकमत नाही. विश्वकोशाच्या संस्कारात वाढलेल्यांना नावाशिवाय नोंद छापणे मान्य नाही. पण काही कथनांत खोली कशी मिळाली, कागद कोणाच्या नावावर होते आणि खरा राहणारा कोण होता, याचे बारकावे आले आहेत. सांगणाऱ्यांना त्याचे काही वाटत नाही. त्यांच्या मुलांनी मात्र, हवे ते छापा पण आमच्या वडिलांचे नाव घालू नका, असे सांगितले आहे. ती टिपणे तूर्त बाजूला ठेवली आहेत.